रेषेवरची खुर्ची

शशिधर सरांनी मला दिलेलं काम साधं होतं. गेल्या हंगामातले आणि या हंगामातले सामने शेजारीशेजारी लावायचे आणि बघायचं, की खेळाडू अडचणीत आले की प्रशिक्षकाकडे कधी बघतात आणि बघितल्यावर काय करतात.

"मी कुठं कमी पडतोय ते मला कळायला पाहिजे, तंगी," ते म्हणाले. "तोंडावर कोण सांगणार नाही. व्हिडिओ सांगेल."

ते गडहिंग्लजकडचे, घरात कन्नड बोलणारे. मला पहिल्या दिवसापासून तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं, प्रकल्प ध्वनीवर होता, आणि पीएच.डी.ची जागा मिळेपर्यंत आमच्या बुरूज तालमीच्या फुटबॉल संघाचे सामने कॅमेऱ्यात टिपत होते. माझा थोरला भाऊ सम्राट संघाचा कप्तान होता, म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे आलं होतं.

गेल्या हंगामापर्यंत संघ गणपतराव मास्तरांचा होता. उद्यमनगरात लेथवर काम करून निवृत्त झालेला माणूस. माझ्या लहानपणापासून पेठेतली प्रत्येक टीम त्यांनीच घडवलेली. ते घरून एक घडीची लोखंडी खुर्ची आणायचे, मैदानाच्या रेषेला अगदी लागून मांडायचे आणि तिच्यावर कधी बसायचे नाहीत. एक पाय खुर्चीवर, हात कमरेवर, आणि सामना संपेपर्यंत ओरडणं. कुणाला बापावरून, कुणाला जेवणावरून. पण त्यांचा एक शब्द सगळ्या कोल्हापुराला ठाऊक होता. खेळाडू पडला की मास्तर ओरडायचे, "उठ की!" आणि पडलेला उठायचा. गळपट्टीचं हाड मोडलेला आदर्श असाच उठून शेवटपर्यंत खेळला होता, आणि ही गोष्ट तो अजून अभिमानानं सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मास्तर झोपेतच गेले.

शशिधर सर त्यांच्या जागी आले. रीतसर प्रशिक्षणाचं लायसन्स असलेले, सडपातळ, हळू बोलणारे. ते बाकाच्या टोकाला बसायचे, कोपर गुडघ्यांवर टेकून. ओरडायचे नाहीत. हातानं दोन-तीन खुणा, बस्स. मध्यंतरात मात्र एकेका खेळाडूशेजारी मांडी घालून बसायचे आणि कानाजवळ बोलायचे. मास्तर सगळ्यांना एकदम झापायचे, हे एकेकाला विचारायचे. "तुला काय दिसलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. संघ वाईट खेळत नव्हता. पण मागच्या पायऱ्यांवरून आवाज यायचेच.

"कोच हाय का पावणा हाय रं ह्यो? लग्नाला आल्यागत बसलाय."

"जेवायला वाढा कुणीतरी त्यास्नी."

सर ऐकायचे आणि हलायचे नाहीत.

आता खुर्चीचं. मास्तर गेल्यावर तालमीनं ठरवलं, की त्यांची खुर्ची प्रत्येक सामन्याला जाणार. सम्राट ती तालमीतून खांद्यावर आणायचा, रेषेला लागून उघडायचा, पाठीवर मास्तरांचा टॉवेल टाकायचा. नारळ फुटायचा. अकरा जण खुर्चीला हात लावून मैदानात उतरायचे. पंचही काही बोलायचे नाहीत. त्यांतले अर्धे मास्तरांच्याच हाताखाली खेळलेले होते. या सगळ्यात एक साधी भूमिती कुणाच्या लक्षात आली नव्हती. खुर्ची पुढे आणि सर तिच्या मागे, बाकावर. मैदानातून बाजूला नजर टाकली की आधी खुर्ची दिसायची.

मी व्हिडिओ लावले आणि दोन आठवडे तेच करत बसले. पहिल्यांदा वाटलं माझी चूक होतेय. गेल्या वर्षी खेळाडू ज्या ज्या क्षणी मास्तरांकडे बघत होते, त्याच प्रकारच्या क्षणी या वर्षीही मान वळत होती. गोल खाल्ल्यावर, चेंडू हातचा गेल्यावर, कुणी पडल्यावर. पण मान सरांकडे वळत नव्हती. खुर्चीकडे वळत होती. आणि वळल्यावर ते मास्तरांनी सांगितलं असतं तेच करत होते. सरांनी पुढे जायची खूण केलेली असताना बचाव मागे सरकायचा. सगळेच एकदम सरकायचे, कुणी हाक मारल्यासारखे.

मग मी गेल्या वर्षीचा आवाज तपासला. तेव्हा मी एक कॅमेरा समोरच्या बाजूच्या पायऱ्यांवरही ठेवायची. त्याच्या ध्वनिमुद्रणात हलगी होती, कैताळ होतं, शिट्ट्या होत्या. मास्तरांचा आवाज नव्हता. कितीही गाळून बघितला तरी नव्हता. एवढ्या गोंगाटात तो मैदानाच्या रुंदीपलीकडे पोचणं शक्यच नव्हतं. आणि तरी पलीकडच्या रेषेजवळ खेळणारा आदर्श, मास्तरांचं तोंड उघडल्याबरोबर हलत होता.

मी आदर्शला विचारलं. तो तालमीसमोर गाडी पुसत होता.

"मास्तर ओरडायचे ते तुला पलीकडं ऐकू यायचं?"

"न्हाय."

"मग तुला कळायचं कसं?"

"आता ऐकायला कशाला लागतंय? ते काय म्हणणार ते ठावं असतंय की." त्यानं फडकं पिळलं. "तुझी आई हाक मारायच्या आधी तुला कळत न्हाय व्हय?"

"आई जिवंत आहे आदर्शदादा."

तो हसला, पण मग गाडी पुसायचा थांबला. "त्यानं काय फरक पडतोय," म्हणाला.

मला त्याचं उत्तर शास्त्रीयदृष्ट्या पटलं. सवय होती. मेंदू अंदाज बांधतो आणि आज्ञेची वाट बघत नाही. माणूस गेला तरी अंदाज राहतो. हे मी समजू शकत होते. पृथ्वीराजचं समजू शकत नव्हते. तो याच हंगामात राधानगरीकडून आलेला, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, मास्तरांना त्यानं कधी बघितलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या सामन्यापासून त्याचीही मान वळू लागली होती.

"सगळी बघत्यात म्हणून मी बघतो," तो म्हणाला. हेही पटलं. मी त्याला एक तुकडा दाखवला, ज्यात तो सगळ्यांच्या आधी वळला होता. त्यानं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

"तवा मी चुकलतो. पास द्यायचा सोडून एकटाच गेलतो," तो म्हणाला. "मास्तर चिडल्यात असं वाटलं, ताई."

मी सरांना सगळं दाखवलं. "तुम्ही कमी पडत नाही, सर," मी म्हणाले. "तुमच्याकडं कुणी बघतच नाही."

ते हसले नाहीत. "मला हरण्याची भीती नाही," म्हणाले. "मला सम्राटची भीती आहे."

ती मलाही होती. डिसेंबरात सम्राटचं डोकं गोलपोस्टवर आपटलं होतं. त्या दिवशीची संध्याकाळ त्याला आजही आठवत नाही. जेवताना त्यानं आईला दोनदा विचारलं होतं, आपण जिंकलो का. डॉक्टरांनी सहा आठवडे बसवलं आणि मग खेळायची परवानगी देताना स्पष्ट सांगितलं, की पुन्हा डोक्याला लागलं तर तिथल्या तिथे बाहेर यायचं. लागल्यावर खेळत राहिला तर जिवावर बेतू शकतं.

सरांनी सम्राटला माझ्यासमोर बसवलं. "मी दोन्ही हात वर केले की बाहेर यायचं. विचारायचं नाही."

"येतो की, सर."

"माझ्याकडं बघशील?"

"बघतो की," सम्राट म्हणाला, जरा वैतागून. "आंधळा हाय का मी?"

खुर्ची मागे, बाकाजवळ घेऊ या, असं सर तालमीचे सेक्रेटरी विजयसिंहकाका यांना जाऊन म्हणाले. काका पान लावत होते. त्यांनी पान पूर्ण लावलं, तोंडात टाकलं, मग बोलले.

"सामना हरला तर चालंल आमाला. खुर्चीला हात लागायचा न्हाय."

शेवटचा सामना शाहू स्टेडियमवर, नाका तरुण मंडळाशी. जिंकलो असतो तर लीग आमची होती. चार वाजताचं ऊन तिरकं पडलं होतं आणि पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. मी सगळ्यात वरच्या पायरीवर, स्टँडवर कॅमेरा लावून उभी होते. मध्यंतराला एक-एक बरोबरी होती.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नाक्याला कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला. सम्राट उडाला, त्यांचा उंच स्ट्रायकर उडाला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. हलगी चालू असताना तो आवाज वरपर्यंत येणं शक्य नव्हतं. मला तो आला.

सम्राट पडला. मग तो गुडघ्यावर आला, आणि मी बघितलं, त्यानं मान वळवली. खुर्चीकडे. मग उठला.

सर कधीच उभे राहिले होते. दोन्ही हात वर. बदलीचा खेळाडू रेषेवर तयार होता. पंच सम्राटजवळ गेले, काहीतरी विचारलं, आणि त्यानं अंगठा दाखवला. पंचांनी बाहेर बोट दाखवलं, त्यानं नकारार्थी मान हलवली. खेळाडू बाहेर जायला तयार नसेल तर खेळ पुढे चालू ठेवायचा, असा नियमच आहे. खेळ पुढे चालू झाला.

कॅमेऱ्यातून मला त्याचा चेहरा जवळ दिसत होता. तो बचावपटू, पण उभा होता मैदानाच्या मध्यात, आणि चेंडू कुठे आहे याच्याशी त्याच्या डोळ्यांचा काही संबंध नव्हता. मी ओरडले. ओरडताना मला माहीत होतं, की हा आवाज किती अंतरावर किती उरणार आहे. पायऱ्यांवरून लोक ओरडत होते, "वाघ हाय वाघ! उठला बघ गड्या!"

मी पायऱ्या उतरायला लागले. माणसांच्या खांद्यांवरून, कुणाच्या तरी मांडीवरून. अर्ध्यात असताना हलगी थांबली. एकदम, मध्येच. मी मान वर करून मैदानाकडे बघितलं.

सर बाक सोडून पुढे आले होते. त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला. खुर्ची उचलली, तिची घडी केली आणि मागे गवतावर आडवी ठेवली. मग ते त्या जागेवर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर करून. एवढ्या माणसांच्या स्टेडियममध्ये मला कुणाची तरी चप्पल पायरीवर घासलेली ऐकू आली.

सम्राट वळला. बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मग चालत आला. धावपळ नाही, अडखळणं नाही. तो सरांच्या शेजारून गेला, त्यांच्याकडे न बघता, आणि जिथे खुर्ची होती तिथे जमिनीवर बसला. मग आडवा झाला आणि त्याला उलटी झाली.

आम्ही तो सामना हरलो, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दवाखान्यात डॉक्टर स्कॅनच्या आधी प्रश्न विचारत होते. कुठल्या बाजूला लागलं? बेशुद्ध झाला होता का? किती वेळ?

"लगेच उठला," मी म्हणाले. मग मला आठवलं, की अंदाजानं सांगायची गरज नाही. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. तो स्टँडवरून कधी काढला ते आठवत नाही. "थांबा, माझ्याकडं व्हिडिओ आहे," मी म्हणाले, आणि तो क्षण शोधला.

कॉर्नर आला. सम्राट उडाला. डोकी आदळली. आणि चित्र सरकलं. मैदान, रेषा, आणि मग स्थिर, नीट फोकस केलेली लोखंडी खुर्ची. टॉवेलाचं टोक वाऱ्यानं हलतंय. बाकी काही नाही. मग चित्र परत सरकलं, आणि सम्राट गुडघ्यावर.

मी पुन्हा लावला. पुन्हा खुर्ची. मला तो पडताना दिसला होता. आजही डोळे मिटले की दिसतो. पण माझ्या हातांनी त्या वेळी कॅमेरा खुर्चीकडे वळवला होता, हेही समोर होतं.

"डावी बाजू," माझ्या मागून सर म्हणाले. ते दाराशी उभे होते, खांद्यावर अजून तो टॉवेल. "कानाच्या वर. पडल्यावर डोळे उघडे होते पण हलत नव्हता. दोन्ही हात असे ताठ वर झाले होते. मी मनात मोजत होतो, दहाच्या पुढं गेलो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि स्ट्रेचर आत नेलं. बाहेर सर बाकाच्या टोकाला बसले, कोपर गुडघ्यांवर टेकून. मी शेजारी बसले. कॅमेरा त्यांना दाखवला नाही, पण मागे उभे असताना त्यांनी पडद्यावरची खुर्ची बघितली होती.

डाव्या बाजूला थोडा रक्तस्राव होता. ऑपरेशन लागलं नाही. आणखी थोडा वेळ खेळला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. फुटबॉल मात्र बंद.

चौथ्या दिवशी सम्राट उशीला टेकून बसला, चहा प्याला.

"दादा, तू बाहेर कसा आलास?"

"मास्तरांनी बोलावलं."

"कुठल्या?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू डोक्याला मलाच लागलंय. "मास्तरांनी. नावानं हाक मारली. म्हणाले, सम्राट, बास. आयुष्यात पयल्यांदा बास म्हणाले."

"दादा, तिथं शशिधर सर उभे होते. हात वर करून. खुर्ची त्यांनी काढली होती."

"असतील." तो कपाकडे बघत होता. "मला दिसले न्हाईत."

डोक्याला मार लागल्यावर असे आवाज ऐकू येऊ शकतात, ते मी त्याला समजावून सांगितलं. मेंदूचा कुठला भाग, का, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू व्हतीस का तिथं, माझ्या कानात?" तो म्हणाला.

तालमीची बैठक पुढच्या रविवारी झाली. मी दारात उभी राहून ऐकली. विजयसिंहकाकांचा मुद्दा एकच होता. "मास्तरांची खुर्ची घडी घालून गवतात टाकली. आमच्या डोळ्यांदेखत." सरांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, अहो, पोराचा जीव वाचवला त्यांनी. तेव्हा काकांनी सम्राटला विचारलं. तो अजून हळू चालत होता. उभा राहिला आणि त्याला जे खरं वाटत होतं ते बोलला.

"मास्तरांनी मला आधीच बोलावलं व्हतं. मी येतच व्हतो. खुर्ची उचलायची गरज न्हवती."

सर तिथेच बसले होते. त्यांनी काही खोडलं नाही. टॉवेल धुऊन, घडी करून आणला होता, तो समोर ठेवला आणि नमस्कार करून उठले.

मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. गडहिंग्लजची गाडी लागली होती. मला त्यांची माफी मागायची होती, दादाच्या वतीनं, आणि ते त्यांनी मला करू दिलं नाही.

"आला ना तो बाहेर?"

"आला. पण तुमच्यामुळं आला."

"कुणामुळं आला ते त्याचं त्याला राहू दे. आला." ते गाडीत चढले, खिडकीशी बसले. गाडी सुरू झाल्यावर वाकून म्हणाले, "तंगी, पुढच्या वेळी कॅमेरा पोरांवर ठेव."

नव्या हंगामासाठी तालमीनं प्रशिक्षक सम्राटलाच केलं. पेठेतल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. तो खेळू शकत नव्हता, पण मास्तर त्याच्याशी बोलतात हे आता सगळ्यांना माहीत होतं. तो खुर्ची आणतो, रेषेला लावतो, टॉवेल टाकतो आणि तिच्या एक पाऊल मागे उभा राहतो. बसत नाही. फारसं ओरडत नाही. एखादा बदल करायचा असला की जरा थांबतो, मान किंचित कलती करून, आणि मग करतो. घरीही कधीकधी तसाच थांबतो. भाजी हवी का विचारलं तरी.

परवा सरावाचा सामना होता, आपसातलाच. मी कॅमेरा घेऊन गेले. पृथ्वीराज आणि आदर्श एका चेंडूसाठी धावले आणि पृथ्वीराजचा गुडघा आदर्शच्या कपाळावर बसला. आदर्श पाठीवर पडला.

माझे हात वळायला लागले. मला ते स्पष्ट जाणवलं, जसं उतारावर सायकल वळते तसं. मी स्टँडचा दांडा घट्ट धरला आणि आदर्शला चौकटीत ठेवलं. तो हलत नव्हता. त्याच्याभोवतीचे पाय थांबले होते, आणि सगळ्या बुटांची टोकं एकाच दिशेला वळली होती. त्या दिशेला मी बघितलं नाही. त्यामुळे सम्राट तेव्हा कुठे बघत होता, ते मी सांगू शकत नाही.

मैदान गप्प होतं. मग मागून आवाज आला.

"उठ की."

आवाज सम्राटचा होता. भावाचा आवाज मी ओळखते, आणि ध्वनिमुद्रणात तो आहे, मी नंतर तपासलं. पण त्या क्षणी पृथ्वीराज दोन पावलं मागे सरला, आणि खाली पडलेल्या आदर्शनं डोळे न उघडता एक कोपर जमिनीवर टेकवला.

मी कॅमेरा तसाच चालू ठेवला आणि मैदानात उतरले. "उठू नकोस," मी चालताना म्हणत होते, "आदर्शदादा, उठू नकोस." तो उठतच होता. मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि त्याला खाली दाबून धरलं. त्याची ताकद माझ्यापेक्षा खूप जास्त होती. त्यानं डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याच्या पलीकडे, रेषेकडे बघायला लागला.

"माझ्याकडं बघ," मी म्हणाले. "काय दिसतंय तुला?"